वरून ओतलेलं पाणी

मित्रांनो, मी पितळेचा तांब्या. वय विचारू नका, मलाच आठवत नाही. माझ्या खुणा दोनच: पोटाला एक पोचा, आणि गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, 'सौ. सिद्धम्मा काशप्पा'. आता मी ज्या घरात राहतो तिथं सिद्धम्मा नावाचं कुणीच नाही. ते कसं काय, तेच तर सांगायचं आहे.

उदगीरच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. कान किटले होते माझे! मग सिद्धम्माच्या लग्नात आहेर म्हणून बीदरजवळच्या कमठाण्याला आलो आणि थेट दाराशी बसलो. पाहुणा आला की पाय धुवायला मी, प्यायला मी. "काय तांब्या हाय बघा, तोंड दिसायलंय त्यात," असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि मी फुगून बसायचो. एकदा म्हशीनं लाथ घातली तेव्हा हा पोचा आला. फुगणं तेवढं कमी झालं.

सिद्धम्माच्या शेतात नरसम्मा खुरपायला यायची. वेशीपलीकडच्या आळीतली बाई. तहान लागली की ती पायरीच्या खाली उकिडवी बसायची, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरायची आणि सिद्धम्मा मला उंच धरून वरून पाणी ओतायची. अर्धं पाणी घशात, अर्धं कोपरावरून लुगड्यात. सिद्धम्मा वाईट बाई नव्हती हो. नरसम्मा बाळंत झाली तेव्हा तिनं तूप पाठवलं होतं. पण तेही पानावर. मला मात्र तिनं नरसम्माच्या हातात कधी दिलं नाही. मला याचा उलगडा व्हायचा नाही. मी तर दोघींच्या हातात सारखाच बसलो असतो.

मग स्टील आलं. झालं, आमची सद्दी संपली! आधी माळ्यावर पडलो, काळा पडलो, कोळ्यांनी घर केलं. शेवटी सिद्धम्माच्या लेकानं, किरणकुमारनं, मला चिटगुप्प्याच्या बाजारात मोडीत घातलं. भट्टीत जायचं म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. तांब्याला मूठ कुठली म्हणाल, पण भीती तर होतीच.

त्याच बाजारात नरसम्मा मिरच्या घ्यायला आली होती. माझ्यापाशी थबकली. पोच्यावरून बोट फिरवलं. "ह्यो तर अक्काचा तांब्या," असं पुटपुटली आणि मिरच्या राहिल्या बाजूला, त्याच पैशांत मला घेऊन निघाली. बाजारातच नळ लागला. तिथं तिनं मला खळाळून धुतलं, काठोकाठ भरलं, आणि भर बाजारात उभ्यानं तोंड लावून घटाघटा प्यायली. मला अजून तो घोट आठवतो. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही आले असते, असते तर.

नरसम्माचं घर कॅथलिक. भिंतीवर मरियामातेची तसबीर, खाली मेणबत्ती, शेजारी मी. दर शनिवारी ती मला चिंच-राखेनं घासायची, कारण रविवारी फादर यायचे. तिची नात सुवार्ता. तिचे वडील कोळारच्या कारखान्यात कामाला. पोरीचा गळा गोड, बीदरला पदवी केली, चर्चमधल्या तरुणांना गाणी शिकवायची. एक दिवस निवड होऊन ती वर्षभरासाठी आयर्लंडला निघाली. तिथल्या शाळा-शाळांतून मुलांसाठी प्रार्थनेची शिबिरं घ्यायची, त्या चमूत.

तिच्या बॅगेत नरसम्मानं मला कोंबलं.

"आज्जी, कामून हे ओझं? तिथं कुणी पाय धूत न्हाईत. सगळे बुटंच घालतेत."

"मग तर लईच घाण असतील की गं. ने."

तर असा मी समुद्रापार गेलो, मित्रांनो. सहा पोरं-पोरी, एक खडखडणारी गाडी, आज या गावात तर उद्या त्या. झोपायला कधी कुणाचं घर, कधी शाळेचा हॉल. पाऊस तर असा, की तिथलं आभाळ कधी वाळतच नसावं. प्रत्येकानं मुलांपुढं एका विषयावर स्वतःच्या आयुष्यातलं बोलायचं असा त्यांचा रिवाज. सुवार्ताच्या वाट्याला 'क्षमा' आली.

ती बोलायची कशी, तर पाठ केलेलं. आमचं सुखी घर, आज्जी रोज जपमाळ म्हणते, देव सगळ्यांना क्षमा करतो, आपणही करावी. मुलं खाली मान घालून फोनशी खेळायची. चमूची पुढारीण नोरा. मायाळू मुलगी, पण स्पष्ट. एक दिवस म्हणाली, "सुवार्ता, हे तुझं नाही. तुझं काही सापडत नसेल तर नाताळनंतर तू खुर्च्या आणि माईक सांभाळ. बोलणं दुसऱ्याला देऊ."

त्या रात्री पोरगी मला पोटाशी धरून रडली. "काय सांगू यांना?" असं म्हणायची. "इथं तरी कुणाला ठाव न्हाई आम्ही कोण हाव ते. आणि क्षमा? मीच कुठं केलीय?" तिच्या मनात राग होता, मित्रांनो. माझ्या गळ्यावरचं नाव ती रोज अंगठ्यानं झाकायची.

नाताळच्या आधीचं शेवटचं शिबिर समुद्राकाठच्या एका शाळेत होतं. शेवटी येशूनं शिष्यांचे धुतले तसे चमूनं मुलांचे पाय धुवायचे असतात. नेहमीचं प्लॅस्टिकचं भांडं कुणीतरी मागच्या गावीच विसरून आलेलं. सुवार्तानं नाइलाजानं मला काढलं. मुलांचे पाय तिनं छान धुतले, हात कसा सवयीचा! मग नोरा म्हणाली, "आता तू बस." सुवार्तानं पाय झटकन मागे घेतले. नोरानं मला हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि सहज विचारलं, "हे काय कोरलंय? तुझं नाव?"

मला वाटलं, आता 'हो' म्हणेल आणि सुटेल.

"नाही," सुवार्ता म्हणाली. "हे त्या बाईचं नाव आहे, जिनं माझ्या आज्जीला आयुष्यभर वरून पाणी ओतलं."

आणि मग ती बोलली. तोडकंमोडकं इंग्रजी, मध्येच कन्नड, मध्येच आपली मराठी. ओंजळ करून दाखवली, कोपरावरून पाणी कसं गळायचं ते दाखवलं. एकाही मुलाच्या हातात फोन नव्हता. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. तिचे लोक गावाबाहेर फिरत्या घरांत राहतात, असं नंतर कळलं. ती म्हणाली, "आमच्या घरचा चहाही गावात कुणी पीत नाही." पुढं आली, नोराच्या हातातून मला घेतलं आणि सुवार्ताचे पाय तिनंच धुतले. धुताधुता विचारलं, "ती बाई तहानेली तुमच्या दारात आली, तर तू काय करशील?"

सुवार्तानं त्या मुलीच्या हातातल्या माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

नोरानं तिला खुर्च्या लावायला ठेवलं नाही. उरलेलं वर्ष ती हेच बोलली आणि शेवटी प्रामाणिकपणे हेच सांगत राहिली, की मला माहीत नाही. मुलं तिच्याभोवती जमायची. पण तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही, तो आमच्याबरोबर कमठाण्याला परत आला.

आणि गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली एक म्हातारी येऊन मटकन बसली. दवाखान्यातून चालत आली होती, घेरी आली होती. "पोरी, पाणी दे गं माय," म्हणाली. सुवार्ता मला भरून धावत बाहेर आली. म्हातारीची नजर माझ्या पोच्यावर गेली. बोटानं तिनं माझ्या गळ्यावरचं नाव चाचपलं. मी तर तिला आवाजावरूनच ओळखलं होतं. सिद्धम्मा!

दारात नरसम्मा येऊन उभी राहिली. सिद्धम्मानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाशी धरली आणि बारीक आवाजात म्हणाली, "ओत, नरसम्मा."

सुवार्तानं आज्जीकडं पाहिलं. नरसम्मानं तिच्या हातातून मला घेतलं. क्षणभर वाटलं, उंच धरणार. धरलं असतं तर तिला कोण काय म्हणणार होतं?

ती खाली बसली, सिद्धम्माची ओंजळ हलकेच सोडवली आणि मला तिच्या दोन्ही हातांत दिलं.

"तोंड लावून प्या, अक्का. आमच्यात वरून ओतत न्हाईत."

सिद्धम्मा रडत रडत प्यायली. उरलेलं पाणी नरसम्मा प्यायली, आणि शेवटचा घोट सुवार्तानं घेतला.

मित्रांनो, मला चिंचेनं घासा की नका घासू, माळ्यावर टाका की दाराशी ठेवा, माझी तक्रार नाही. पण तुमच्या दारात कुणी तहानेलं आलं, तर तांब्या त्याच्या हातात द्या.