दिसत नाही, एवढंच सांगितलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे. जुळे सोलापूर भागात डॉक्टर सबा यांच्या दवाखान्यात भिंतीच्या कडेला उभी असते. माझ्या बटणांवरची अक्षरं पुसली आहेत, वायरीला चिकटपट्टी लावली आहे. मी कुठे जन्मले ते मलाच ठाऊक नाही. खोक्यात घातलं तेव्हा अंधार होता, उघडलं तेव्हा सोलापूरचं ऊन. तेव्हापासून मी गोंधळलेलीच आहे.

काम तसं सोपं. पोटात आवाज सोडायचा, तो आपटून परत आला की त्याचं चित्र करायचं. पण चित्र म्हणजे नुसत्या करड्या सावल्या. बाळाचे ठोके दाखवले की लोक पेढे वाटतात. पित्ताच्या नळीतला खडा शोधताना मात्र माझी त्रेधा उडते. मध्ये अन्न आलं, वायू आला, की आवाज तिथेच अडतो. पलीकडे खडा आहे की काहीच नाही, मला कळत नाही.

मैंदर्गीच्या निंगव्वा आल्या तेव्हा असंच झालं. साठीच्या बाई, डोळे पिवळे, पोटात कळा. "हितं तर पोटुशी बाया येत्यात की," म्हणून आधी खोलीतच येईनात. मुलगा विरुपाक्ष समजूत घालून घेऊन आला. काही खाल्लंय का, डॉक्टरांनी विचारलं. "काय बी न्हाय," त्या म्हणाल्या. मी बघते तर पोट भरलेलं. त्यांच्यावर विश्वास ठेवावा की स्वतःवर, मला समजेना.

"नळीचं खालचं टोक दिसत नाही. उद्या उपाशी पोटी परत या," डॉक्टर म्हणाल्या.

विरुपाक्षने त्यातलं 'दिसत नाही' तेवढंच घरी नेलं. खडा नाही, नुसती कावीळ, असं ठरलं आणि निंगव्वांच्या गळ्यात काविळीची माळ आली. माळ लांबली की कावीळ उतरली, असं मानतात. माळ बेंबीपर्यंत लांबली, डोळे मात्र हळदीसारखे झाले. बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा विरुपाक्षने त्यांना उचलूनच आणलं.

"मावशी, त्या दिवशी खरंच काही खाल्लं नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय की बाई. मठातली द्रोणभर हुग्गी घेतली हुती. पन त्यो परसाद. परसाद म्हंजी खाणं व्हय?"

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, वर तुपाची धार. डॉक्टरांनी त्यांना लगेच टेबलावर घेतलं. मला मात्र रडू यायचंच बाकी होतं.

आता दोन दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं आणि पुन्हा पुन्हा पाहिलं. नळी फुगलेली होती. टोकाशी हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका आणि त्यामागे काळी सावली. खडाच होता. आयुष्यात एवढी खात्री मला कधी वाटली नव्हती. त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने तो काढला. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं तिथे सांगितलं.

महिन्याने मायलेक तपासणीला आले. तपासून झाल्यावर निंगव्वांनी माझ्यापुढे हुग्गीचा द्रोण ठेवला. "घे गं बाई. तुला कोन उपाशी ऱ्हा म्हनलंय?" मी पुन्हा गोंधळले.

मित्रांनो, आम्हा मशीनना जपा, पण आम्हाला देव समजू नका. डॉक्टरांना खाल्लेलं सगळं सांगा, प्रसादसुद्धा. आणि विरुपाक्षसारखं विचारत जा. रिपोर्ट हातात घेऊन तो दारापर्यंत गेला, थांबला आणि मागे वळून डॉक्टरांना म्हणाला, "बाई, आज समदं दिसलं का? काय दिसायचं ऱ्हायलं असंल तर तसं सांगा."