युनिट कमी झाले की

“युनिट वाढले की माणूस स्वतःच भांडायला येतो, ताई. कमी झाले की कुणी येत नाही. तेव्हा आपण जायचं असतं.”

रीडिंगकाका जिन्याखालच्या विजेच्या मीटरच्या कपाटात अर्धे शिरून बोलत होते. माझ्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या कडेवर लेक. मला घाई होती.

“कमी झाले तर आनंदच की, काका. त्यात जायचं काय?”

“आनंदाने कमी झाले तर आनंद.” कानावरची बोटभर पेन्सिल काढून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून एक बारीक टिंब काढलं. “दोन नंबरच्या मावशी बघा. एका महिन्यात वीस कमी. जाता जाता दार वाजवतो.”

दोन नंबरच्या म्हणजे टायपिस्ट मावशी. आमच्या बरोब्बर खाली, एकट्या राहणाऱ्या. त्या महिन्यात त्या भाचीकडे जाऊन आल्या होत्या, एवढंच निघालं. मी जिन्यातून हसले, “बघा, उगाच घोर!”

“फुकट गेलेला घोर चांगला,” काका म्हणाले. “रोज फुकट जावा.”

एकोणीस वर्षं दर महिन्याच्या सात तारखेला ते येत. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. कुणाकडे नवं बाळ आलंय, कुणाचा मुलगा घर सोडून गेलाय, हे त्यांना आमच्याआधी कळे. आणि आम्हाला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं? ते सात तारखेला येतात, एवढंच.

मी अर्थशास्त्र शिकलेली. लेक तीन वर्षांची, आणि गारठा पडला की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. गच्चीवरून वीजकेंद्राच्या दोन चिमण्या दिसतात; त्यांचा धूर कुठल्या दिशेला झुकलाय ते पाहून मी खिडक्या लावायची. त्यामुळे नवं धोरण आलं तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठीच कुणीतरी लिहिलंय. दिवसा सूर्याची वीज, म्हणून स्वस्त. संध्याकाळी सहा ते दहा सगळे एकदम दिवे लावतात, त्या चिमण्या जोरात चालवाव्या लागतात, म्हणून महाग. लोकांनी वापर दिवसाकडे सरकवायचा, की धूर कमी. किती सरळ! मला ते अजूनही बरोबरच वाटतं. म्हणजे, वाटतं असं वाटतं.

नियामक आयोगाची जनसुनावणी झाली तेव्हा मी लेकीला नवऱ्याकडे सोपवून गेले. “बायको आता देशाचे दर ठरवणार,” तो म्हणाला, “आणि घरात मीठ कुठे आहे ते मला विचारावं लागणार.”

प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मी लेकीच्या छातीबद्दल बोलले. टाळ्या पडल्या. माझ्यानंतर माइकपाशी रीडिंगकाका! मला वाटलं नोकरीचं बोलतील, कारण नवे मीटर स्वतःच आकडे पाठवणार होते. ते म्हणाले, “मीटर आकडे पाठवील, पाठवू दे. पण ज्याचे युनिट एकदम कमी होतील त्याच्याकडे कोण जाणार, तेवढं कागदात लिहा.”

मंचावरच्या साहेबांनी चष्मा वर केला. “आपली सूचना चांगली आहे. मात्र ती दरनिश्चितीच्या कक्षेत येत नाही.”

“मग कुठल्या कक्षेत येते, साहेब?”

साहेबांनी उजवीकडे पाहिलं. उजवीकडच्या बाईंनी डावीकडे पाहिलं. पुढचं नाव पुकारलं गेलं. बाहेर काका मला म्हणाले, “छान बोललात, ताई,” आणि ते मनापासून म्हणाले, हे मला आजही छळतं.

नवे मीटर बसले. काकांचं येणं थांबलं. कंपनीचं माहितीपत्रक आठ पानी आणि बारीक अक्षरांचं. इमारतीतले सगळे माझ्याकडे येऊ लागले. मग मीच एका पानाचं वेळापत्रक केलं. हिरव्या रकान्यात काय कधी चालवायचं, लाल रकान्यात काय बंद. प्रती काढून घरोघरी दिल्या. मला केवढा अभिमान!

टायपिस्ट मावशींनी चाळीस वर्षं कोर्टात टायपिंग केलेलं. छापलेल्या कागदावर त्यांचा जितका विश्वास, तितका माणसावर नव्हता. माझं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि बोट ठेवलं.

“सहा ते दहा मोठी उपकरणं बंद. मोठी म्हणजे किती मोठी?”

लेक माझा पदर ओढत होती. मी म्हटलं, “दोन हातांनी उचलवत नाही ते मोठं, मावशी!”

“हं. मग तसं लिहायला हवं होतंस. मसुदा ढिला आहे.” त्यांनी पेनाने ते वाक्य कंसात घातलं आणि पान भिंतीला चिकटवलं.

मावशींकडे प्राणवायूचं यंत्र होतं. फुप्फुसं थकली होती, दिवसातले सोळा तास नळी लावायची. यंत्राची घुं घुं आमच्या जमिनीतून वर येई. लेक फरशीला कान लावून सांगायची, “मावशीची मांजर झोपली.” पुढे कधीतरी संध्याकाळी ती म्हणू लागली, “मांजर नाहीये.” मी म्हटलं, “फिरायला गेली असेल.” पोरीच्या श्वासाची शिट्टी मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येते. ही शांतताही मला ऐकू आली होती. ती मला आवडली.

महिनाअखेरीस मावशींनी मला जिन्यात थांबवून मोबाईल दाखवला. कंपनीचा निरोप होता: अभिनंदन, आपला वापर तिसऱ्या हिश्श्याने घटला, आपण हरित ग्राहक आहात. शेजारी झाडाच्या हिरव्या पानाचं चित्र हलत होतं.

“या वयात पहिला नंबर,” मावशी म्हणाल्या. दोन शब्दांमध्ये त्या श्वास घेत होत्या.

“वा, मावशी! बघा, जमतं की नाही?” असं मी म्हणाले. याच शब्दांत.

त्यानंतरच्या सात तारखेला, संध्याकाळी सातच्या सुमाराला माझी बेल वाजली. दारात रीडिंगकाका. टॉर्च नाही, पिशवी नाही, पेन्सिल मात्र कानावर.

“आता दिवसा एका पार्किंगवर पावत्या फाडतो, म्हणून या वेळी आलो. ताई, आकडा दिसत नाही, म्हटलं माणूसच बघून यावं. दोन नंबर दार उघडत नाहीत.”

“झोपल्या असतील.”

“दिव्याच्या वेळी?”

जादा किल्ली माझ्याकडे असते. आत अंधार. मावशी खुर्चीत ताठ बसलेल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून. ओठ जांभळे, नखं जांभळी. नळी घडी करून मांडीवर ठेवलेली.

“मावशी! यंत्र बंद का?”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “अजून... तीन तास आहेत,” त्या म्हणाल्या. “उचलून पाहिलं मी. दोन हातांनी. नाही उचलवलं.”

काकांनी बटण दाबलं. घुं घुं सुरू झाली. मी नळी उलटी लावली, मावशींनीच ती सरळ केली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत काका खाली बसून त्यांची बोटं चोळत राहिले. माझं वेळापत्रक आमच्या डोक्यावर होतं, कोपरे नीट चिकटवलेलं.

अकरा दिवसांनी मावशी घरी आल्या. तोवर मी ते आठ पानी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. सहाव्या पानावर होतं: वैद्यकीय उपकरण असलेल्यांनी अर्ज करावा, त्यांना जादा दर नाही. आणि ते यंत्र चार तास चालवायला जो खर्च येतो, त्यात दोन कप चहा होतो.

चूक कुणाची, ते मला ठरवता येत नाही. आयोगाने सगळं छापलं होतं. कंपनीने अभिनंदन केलं, ते आकड्याचं. धोरण वाईट म्हणावं, तर या गारठ्यात लेकीची शिट्टी दोनदाच वाजली. धूर घटला म्हणून, की ती मोठी झाली म्हणून? मावशींना विचारलं, तर त्या म्हणतात, “कागद बरोबर होता. मसुदा ढिला होता.” मसुदा माझा होता. आता त्या संध्याकाळी यंत्र चालू ठेवतात, पण अपराध्यासारख्या, बाकीचे दिवे मालवून.

पुढच्या सात तारखेला मी काकांसाठी चहा ठेवला. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. लेकीला घेऊन मी गावातली तिन्ही पार्किंग पालथी घातली. तिसऱ्या ठिकाणी आपोआप वर होणारा दांडा बसलाय. शेजारचा पानवाला म्हणाला, “पावतीवाले काका ना? दांडा बसला त्या दिवसापासून नाहीत.” नाव? त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एकोणीस वर्षांत आमच्या जिन्यात कुणी विचारलंच नव्हतं. कंपनीत फोन केला, तर तिथे कर्मचारी क्रमांक मागतात.

मी जिन्याखालचं कपाट उघडून पाहिलं. नवे मीटर हिरवे लुकलुकत होते. त्यांच्यावरून मला काही कळत नाही. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची टिंबं आहेत, ओळीने, घराघरासमोर. काही टिंबांवर आडवी रेघ आहे. म्हणजे जाऊन पाहिलं, घोर फुकट गेला.

त्यांचं घर कुठल्या जिन्यात आहे, कुठल्या मीटरवर, मला माहीत नाही. तुमच्याही असू शकेल. एकटे राहतात की नाही, तेही ठाऊक नाही. कानावर बोटभर पेन्सिल असते. त्यांच्याकडे दिवा उशिरा लागत असेल, किंवा लागतच नसेल, तर कृपा करून एकदा दार वाजवा. काही नसलंच, तर एक रेघ मारा.