ब्रेकबाईंनी डॉक्टर बदलला

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली जादाचा ब्रेक, आणि त्याचा ताबा सुटला की तो दाबायचा, हेच त्यांचं काम. इतक्या वर्षांत पाय कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी चुकला. बँकेतले एक साहेब वळणावर गोंधळले आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबून बसले. बाईंना सगळं दिसत होतं, पण पाय उचलेपर्यंत गाडी फुटपाथवर चढून कचऱ्याच्या डब्याला भिडली. कुणाला खरचटलंही नाही. साहेबच बिचारे माफी मागत राहिले. बाई मात्र त्या दिवशी घरी चालत गेल्या.

गेले कित्येक महिने अंगात शिसं ओतल्यासारखं झालं होतं. आवाज घोगरा झाला होता. लोक पंखा लावत, तेव्हा ह्या स्वेटर शोधत. घरच्या जुन्या डॉक्टरांकडे दोन-तीनदा जाऊन आल्या होत्या. "अगं, वय होतंय आता. दगदग कमी कर," असं म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी टॉनिक लिहून दिलं होतं.

"दुसऱ्या कुणाला तरी दाखव," नवरा म्हणाला. "चौकात ती नवी डॉक्टरीण आलीय."

"अहो, काहीतरीच काय! आपला मुलगा तापात आकडी येऊन पडला तेव्हा हेच डॉक्टर हातातला घास टाकून, अनवाणी धावत आले होते. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा औषधांचा उपयोग संपल्यावरही रोज येऊन तिच्याशी गप्पा मारत बसायचे. त्यांना सोडून जायचं? कोणत्या तोंडाने?"

"उपकार विसर असं कोण म्हणतंय? पण ते फेडायला तू आजारीच राहायला हवंस का?"

रात्रभर बाईंच्या मनात खल चालला. स्वतःपुरतं असतं तर त्या तशाच रेटत राहिल्या असत्या. पण त्या डब्याच्या जागी एखादं माणूस असतं तर? सकाळी त्यांनी नव्या डॉक्टरणीची वेळ घेतली.

जाताना जुन्या दवाखान्यावरून जायला नको म्हणून चांगला लांबचा वळसा घेतला. आत शिरल्या, खुर्ची बघायला मान वळवली, तर कोपऱ्यात त्यांचे डॉक्टर बसले होते. मांडीवर टोपी ठेवून, कुणाही पेशंटसारखे.

"तुम्ही इथे?" बाईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"का? डॉक्टर आजारी पडत नाहीत?" ते हसले. "इतकी वर्षं स्वतःचं औषध स्वतःच देत होतो. परवा एकच गोळी दोनदा घेतली आणि जिन्यात कोसळलो. म्हटलं, आता पुरे झालं. बस इथे. आणि तू?"

बाई बसल्या. मग मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी त्यांचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि बराच वेळ निरखून पाहिला.

"डोळ्यांखाली सूज आहे. आवाज असा बसलाय. पोरी, हे मला दिसायला हवं होतं."

"राहू दे हो, डॉक्टर."

"राहू दे कसं? चुकलं माझं." ते जरा थांबले. "खरं सांगू? पेशंट माझ्या भिडेखातर येत होते आणि मी त्यांच्या भिडेखातर दवाखान्यात बसत होतो. आधी कोण उठतंय, एवढाच प्रश्न होता. तू उठलीस, फार बरं केलंस."

बाईंचा नंबर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हीही चला ना आत." ते काठी टेकत आत गेले. नवी डॉक्टरीण आदराने उभी राहिली. डॉक्टरांनी बसता बसता सांगितलं, "हिच्या आईला थायरॉइड होतं. आणि पेनिसिलिन देऊ नकोस हिला, लहानपणी अंगभर गांधी उठल्या होत्या." बाईंना स्वतःला हे आठवत नव्हतं. डॉक्टरणीने त्यांची मान चाचपली, पाण्याचा घोट घ्यायला लावला, रक्त तपासायला पाठवलं.

थायरॉइडच निघालं. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी सुरू झाली. काही आठवड्यांनी बाई पायऱ्या चढताना गुणगुणू लागल्या, तेव्हा नवरा पेपर बाजूला ठेवून ऐकत राहिला.

पुढे डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. शेवटच्या दिवशी बाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. बाईंनी बोलायचं बरंच काही ठरवलं होतं, पण जवळ गेल्यावर त्यांनी नुसता डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"गोळी घेतेस ना वेळेवर?" त्यांनी विचारलं.

"घेते. आणि तुम्ही?"

"डॉक्टरीण फार कडक आहे बाबा," ते म्हणाले, आणि रांगेतली सगळी माणसं हसली.