टाकीवरचा हात

मिस्त्रीने लाकडी दांड्याचं एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला टेकवलं, दुसरं कानाशी धरलं आणि सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे कोणी नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत तिथे दाजी उभे असायचे, त्याच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ताप आला आणि चौथ्या दिवशी माणूस देवाघरी गेला.

"काय म्हणतोय, मिस्त्री?" मालकांनी विचारलं. "साधा की फितीचा?"

ट्रान्सफॉर्मर तेल गळतं म्हणून आला होता. वरची माहितीची पाटी गंजून गेलेली. साध्याचा गाभा पोलादी पत्र्यांचा. हातोडीने ठोकून सोडवला तरी कुरकुरत नाही. फितीचा मात्र केसाहून पातळ धातूच्या फितीचा. वीज कमी खाणारा, पण स्वभावाने काच. एक घाव बसला की चुरा. म्हणून उघडण्याआधी थोडी वीज द्यायची आणि दांडा लावून ऐकायचं. साधा खालच्या सुरात, जड घुमतो. फितीचा जरा चढा, किरटा.

मिस्त्रीला तो फरक दोन वर्षांपासून ऐकूच येत नव्हता. समोरच्याचं बोलणं ओठांवरून निभावून नेता येई. दांड्यातला सूर गेला तो गेलाच. कान गेलेल्या मिस्त्रीला दुरुस्तीच्या शेडमध्ये ठेवणार कोण? त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण त्याला एक चोरवाट सापडली होती. दाजी टाकीवर उजवा तळहात ठेवत. साधा असला की चटका बसल्यासारखा काढून घेत. फितीचा असला की तसाच ठेवून गप्पा मारत.

"देवानं कान दोन दिलेत," ते म्हणत, "एक ऐकायला, दुसरा तुझ्या अक्काचं सोडून द्यायला."

फितीचा कमी तापतो, ते या भोळ्या माणसाला हातानेच कळतं, असं मिस्त्री धरून चालला होता. हाताकडे बघून निकाल द्यायचा. एकही चुकला नाही. मनात मात्र खात राही. दाजींना एकदा सांगून टाकायचं होतं, ते राहून गेलं.

आता त्याने स्वतःच तळहात टेकवला. गार. शेजारी कालच दुरुस्त झालेला साधा होता, याच्याबरोबरच चालू केलेला. त्यालाही हात लावला.

तोही गार.

दहा मिनिटांत कुठली टाकी तापणार? मग दाजींच्या हाताला कळत काय होतं?

पलीकडच्या टेबलावर अक्का तारेची वेटोळी भरत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अक्का, दाजींच्या हाताला ऊन-गार चांगलं कळायचं, ना?"

"कुठलं रे. गरम तेलाने भाजल्यापासून उजवा हात बधिरच. आंघोळीचं पाणी मी बघून द्यायचे." तिने तार थांबवली. "कान मात्र तिखट. झाकण सरकलं तरी उठून बसायचे."

"मला कधी बोलले नाहीत."

"नसतील. ते तेल तुझ्या हातून उडालं होतं ना."

मिस्त्री दांड्याचं गुळगुळीत टोक अंगठ्याने चोळत राहिला.

"मिस्त्री, हातोडी काढू की नको?" मालक समोर येऊन उभे होते.

"मला ऐकू येत नाही, मालक."

"पुन्हा विचारतो..."

"तसं नाही. दोन वर्षं झाली. दाजी सांगायचे."

मालकांनी एकदा अक्काकडे पाहिलं.

मिस्त्रीने दांडा अक्काच्या हातात दिला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं ते मी बघतो. तू नुसतं ऐक आणि सांग."

तिने आधी शेजारच्याला दांडा लावला, मग या टाकीला. डोळे मिटले.

"तो घुमतोय, जात्यासारखा. हा बारीक आहे. किरकिरा."

"हातोडी नको," मिस्त्री मालकांना म्हणाला. "फितीचा आहे."

मालक गेले. अक्काने दांडा कानापासून काढला नव्हता. तोल सावरायला तिने टाकीवर तळहात टेकला होता. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.