कुशनला चिकटून जाणारा बॉल

रविवारी सकाळी दहाच्या आतच त्या पूल हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नसे. खेळायला मात्र कुणीच आलेलं नसायचं. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाची बोटं वाकडी, कुणाचा हात थरथरणारा. सगळे सात नंबरच्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभे. मग हातवाले बाबा यायचे. कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, एक रंगीत बॉल चिकटवून ठेवायचे आणि डोळे मिटून क्यूने, म्हणजे खेळायच्या काठीने, पांढरा बॉल त्यावर मारायचे. ज्या शॉटला मुरलेल्या खेळाडूलाही घाम फुटतो, त्या शॉटला यांचा बॉल काठ न सोडता थेट लांबच्या कोपऱ्यातल्या पॉकेटात जायचा.

"बॉलला कान नाहीत, तरी तो माझं ऐकतो," बाबा म्हणायचे. "तुमची नस तर तुमचीच आहे. ती का नाही ऐकणार?"

मग ते रुग्णाच्या तळव्यावर क्यूचा निळा खडू घासत आणि क्यू त्याच्या हातात देत. त्याचाही बॉल जाई. त्या दिवसापासून व्यायाम बंद, गोळ्या बंद. संशय घेतला की नस पुन्हा झोपते म्हणे. सोय छान होती: गुण आला तर बाबांचा, नाही आला तर दोष तुमचा.

मी हे हसण्यावारी नेलं असतं, पण त्या गर्दीत माझे वडील होते.

आप्पांनी तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात गेला, तेव्हापासून दादा त्यांना आठवड्यातून दोनदा व्यायामाला नेत असे. आठ महिन्यांनी आप्पा शर्टाचं एक बटण स्वतः लावू लागले होते. आणि मग दादाच त्यांना बाबांकडे घेऊन गेला. तिथे आप्पांनी ओळीने तीन बॉल घातले, घरी येऊन रडले आणि व्यायाम सोडला. दीड महिन्यात त्यांची बोटं मुठीसारखी मिटली. बटण पुन्हा आई लावू लागली.

दादा आणि मी पूलची टेबलं बसवतो, त्यांचं कापड बदलतो. कामातलं सगळं मला दादानेच शिकवलं. म्हणून एका रविवारी मी आप्पांचा हात न बघता बॉल बघितला. त्यांचा फटका चुकला होता. बॉल काठापासून चांगला बोटभर सुटला आणि पुन्हा काठाकडे वळला. सपाट टेबलावर बॉल असा परत येत नाही.

सोमवारी सफाईवाल्या मावशींनी मला आत सोडलं. मी टेबलावर सपाटी तपासायची लेव्हल ठेवली. बुडबुडा मध्ये थांबलाच नाही. खाली वाकून पाहिलं, तर टेबलाच्या पलीकडच्या पायांखाली लॅमिनेटच्या पट्ट्या सारलेल्या. प्रत्येक पट्टीचे कोपरे कानशीने घासून गोल केलेले, बोट कापू नये म्हणून. असे कोपरे घासणारा मला एकच माणूस माहीत होता. मी तिथून थेट दादाकडे गेले.

दादाने नाकारलं नाही. एका खेळापुरतं टेबल कलतं करून द्या, असं बाबांनी सांगितलं होतं म्हणाला.

"मग आप्पांना का नेलंस?"

तो कुशनच्या रबराला गोंद लावत राहिला. "व्यायाम करताना ते ओरडायचे, मला शिव्या द्यायचे. बाबा म्हणाले, आता व्यायाम नको. मला सुटल्यासारखं वाटलं गं."

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर सात नंबरवर बॉल मधोमध ठेवून नुसता हलकेच ढकलला. तो संथपणे काठाला टेकला आणि काठाकाठाने पॉकेटात गेला. ना खडू, ना बाबा, नुसता टेबलाचा उतार. मग मी बाबांना तोच शॉट चार नंबरवर करायला सांगितला. ते म्हणाले, तिथली जागा जड आहे. मग मीच केला. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा लोकांना सांगत सांगत मारला: पांढरा बॉल रंगीत बॉलला आणि कुशनला एकदमच लागला पाहिजे, जोर कमी, आणि काठाच्या उलट बाजूने किंचित फिरकी. बॉल गेला. शिकलं तर कुणालाही जमतं, आणि त्याने कुणाची नस सुधारत नाही.

एक बाई माझ्यावर चिडल्या, आमची आशा घालवलीस म्हणाल्या. बाबा हात धुवायला म्हणून गेले ते परतले नाहीत.

आप्पांनी एवढंच विचारलं, "टेबल कुणी कलतं केलं?"

 दारातून दादा म्हणाला, "मी."

 डाव्या हाताने उजवी मूठ धरून आप्पा माझ्याबरोबर घरी आले. आता व्यायामाला मी नेते. तीन बोटं हळूहळू उघडताहेत. उरलेल्या दोन बोटांसाठी उशीर झाला, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. दादा रोज येतो, आप्पा त्याच्याकडे बघत नाहीत.

फसवणारा नेहमी परकाच असतो असं नाही. म्हणून चमत्कार कुणीही दाखवो, अगदी आपल्या माणसाने हाताला धरून नेलेलं असो, नमस्काराला वाकण्याआधी एवढंच म्हणा: हेच दुसऱ्या टेबलावर करून दाखवा.