नऊ सह्यांचे पान

“डोळ्यांनी नको गं, कानांनी बघ. तिन्ही कड्या एका आवाजात मिटल्या, तरच पुढे सरकव.”

मित्रांनो, जन्मल्यावर मी ऐकलेले हे पहिले शब्द. मी एक जुनी, काळ्या पुठ्ठ्याची, तीन कड्यांची फाइल आहे. उत्तर कॅरोलायनातल्या अंध कामगारांच्या कारखान्यात मी तयार झाले. तिथली जुनी कामगार मिस ओडेसा शेजारच्या बाकावरील नव्या बाईला काम शिकवत होती. तिने माझ्या पाठीवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, “जा बाई वॉशिंग्टनला. मोठ्या लोकांचे कागद सांभाळ. मोठी माणसं विसराळू असतात.”

तेव्हापासून मी परराष्ट्र खात्यात आहे. नवा अध्यक्ष निवडून आला, की त्याची माणसे थंडीच्या दिवसांत आमच्या इमारतीत येतात. जगात कुठे काय पेटले आहे, हे त्यांना समजावे म्हणून आम्हा फाइलींची पोटे भरली जातात. कुठल्या बेटांवरून भांडण आहे, कोण अणुबाँब जमवतो आहे, दूरच्या युद्धाला तोफगोळे किती पुरवायचे, कोणता मित्रदेश रुसला आहे, असे सगळे. प्रत्येक संकटाला एक रंगीत पट्टी.

पाच अध्यक्षांच्या वेळी मी भरले गेले. दर वेळी कोणीतरी म्हणे, “वा, काय नीटनेटकं काम आहे!” पण बोटांचे डाग पडत ते पहिल्या तीन पट्ट्यांवर. शेवटची पाने कोरीच्या कोरी राहत. मग मी कपाटात. एकदा तर अडीच वर्षे मी संगणकाच्या पडद्याखाली उंचवटा म्हणून पडून होते. त्याचा मला राग नाही. फाइलीने पडून राहावे आणि हाक आली की उठावे, एवढेच तिचे व्रत.

या खेपेला मला वर्निस टिलमनने उठवले. एकतीस वर्षे नोकरी झालेली ही बाई रोज सकाळी एक स्तोत्र वाचल्याशिवाय कागदाला हात लावत नसे. महिनाभरात ती निवृत्त होणार होती. माझी शेवटची, करडी पट्टी तिच्याकडे होती. त्या पट्टीचा देश डोंगराळ होता. तिथे आमचे सैन्य होते आणि एप्रिलअखेर ते परत यायचे ठरले होते.

त्या देशात वर्निसने दोन वर्षे काढली होती. सैनिकांबरोबर गोळीबारात उभे राहिलेल्या दुभाष्यांची चौतीस कुटुंबे तिथे होती. सैन्य निघाले की त्यांचे काय होणार, हे तिथली पोरेसोरेही जाणत होती. राजदूताने वर्निसकरवी त्यांना शब्द दिला होता, की आधी या कुटुंबांना विमानात बसवू, मगच सैनिक निघतील.

दुभाष्यांतल्या करीमदाद नावाच्या वडीलधाऱ्याने तिला विचारले होते, “बाई, हे तुमचं बोलणं की तुमच्या सरकारचं?”

“सरकारचं.”

“सरकारं बदलतात.”

“शब्द बदलत नाही, चाचा,” असे ती म्हणाली होती. हे तिने सहकारी हॅल ब्रुबेकरला माझ्यासमोरच सांगितले, म्हणून मला ठाऊक.

तिने पान लिहिले. पहिले वाक्य साधे होते: ‘या चौतीस कुटुंबांना सैन्याआधी बाहेर काढण्याचा शब्द आपल्या सरकारने दिला आहे.’

पण आमच्याकडे एकट्याच्या हातचे पान फाइलीत जात नाही. ते सगळ्या संबंधित कचेऱ्यांतून फिरते आणि प्रत्येक जण समासात आपली छोटी सही करतो. सही करण्याआधी जो तो एखादा शब्द हलवतो. संरक्षणवाल्यांनी ‘सैन्याआधी’ खोडून ‘योग्य वेळी’ केले. कायदेवाल्यांनी ‘शब्द दिला आहे’ काढून ‘विषय विचाराधीन आहे’ घातले. व्हिसावाल्यांनी आकडा गाळला. खोटे कोणीच बोलले नाही. प्रत्येकाने फक्त थोडी काळजी घेतली.

नववी सही वर्निसची. हॅल तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाला, “आठ जणांनी पाणी ओतलेली कॉफी! पिऊन टाक, वर्निस. सही केली नाहीस, तर पानच जाणार नाही आत.”

“निदान पान तरी जाऊ दे,” असे पुटपुटत तिने सही केली. मी ते पान पोटात घेतले. आमचे काम घेण्याचे असते, विचारण्याचे नव्हे.

नव्या सरकारच्या वतीने प्रेस्कॉट डनलेव्ही नावाचे वकील आले. माणूस सज्जन. चक्क करड्या पट्टीपर्यंत वाचत आले.

“मिस टिलमन, ‘विचाराधीन’ म्हणजे अजून ठरलेलं नाही, बरोबर?”

वर्निसचे ओठ हलले. पण शेजारी बाकीच्या आठ कचेऱ्यांची माणसे बसली होती आणि पानावर तिची सही होती.

“कागदावर तसंच आहे, साहेब.”

“छान. मग हे उन्हाळ्यात बघू. शुक्रवारी तातडीच्या कामांची माझी यादी नव्या अध्यक्षांकडे जाईल. त्यात हे नको.”

आमच्याकडे उन्हाळा जूनमध्ये लागतो आणि सैन्य एप्रिलमध्येच निघणार, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या फाइलीची तुम्हाला एकच विनंती आहे. आमच्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण आमच्यातले गुळगुळीत पान वाचताना थोडे थांबा. हे आधी कसे होते आणि कोणाच्या जिवावर गुळगुळीत झाले, एवढे विचारा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते.

गुरुवारी सकाळी वर्निस आली. तिने स्तोत्र वाचले. मग मला उघडले आणि करड्या पट्टीच्या पानावरील स्वतःच्या सहीवर सरळ रेघ मारली. शेजारी लिहिले, ‘माझी संमती मागे घेत आहे.’ पाच अध्यक्षांत मी असे कधी पाहिले नव्हते. एक सही मागे गेली, की ते पान बाद होते आणि नऊही कचेऱ्यांना पुन्हा समोरासमोर बसावे लागते.

हॅल उठून उभाच राहिला. “अगं, वेड लागलं का? पुढच्या महिन्यात तुझा निरोपाचा केक आहे. मोठे साहेब भाषण करणार आहेत!”

“केक तुम्ही खा, हॅल. तुला तसंही गोड आवडतं.”

“डनलेव्ही ऐकतील असं वाटतं तुला?”

“ते त्यांनी ठरवायचं. मी मात्र काल विचारल्यावर खरं सांगितलं नाही.”

समासात तिने ते पहिले वाक्य पुन्हा लिहिले. खाली चौतीस आकडा घातला आणि पुढे स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. कोट न घालताच तिने मला काखेत धरले आणि लांबलचक मार्गिकेतून, कोणाकडे न बघता, डनलेव्हींच्या खोलीच्या दिशेने चालू लागली.