गाळलेला रकाना

मला लोकांच्या घरात डोकावायची सवय आहे असं आमच्या गल्लीत म्हणतात, ते काही खरं नाही. मला फक्त विरजण लागतं. आमच्याकडचं दही सारखं बिघडतं, आणि ते नेमकं शेजारच्या दगडाबाईंच्या दारात नव्या चपला दिसल्या की बिघडतं, त्याला मी तरी काय करणार? रिकामी वाटी घ्यायची, भिंतीला वळसा घालायचा आणि उंबऱ्यातून म्हणायचं, "अक्का, जरा विरजण हाय का?" दगडाबाई माझ्याहून मोठ्या, म्हणून अक्का. त्या वाटी घेतात, दही घालतात, आणि बोलता बोलता दार थोडं ओढून घेतात. पुरतं नाही, मला वाईट वाटू नये, पण आतलं दिसूही नये, एवढंच. इतक्या वर्षांत त्या दाराचा मला कधी राग आला नाही. आपल्या घरात पोरगं असलं की बाई दार ओढणारच.

त्यांचा एकुलता एक नागेश पुण्याच्या कंपनीत कामाला, पण बसायचा इथंच ताडकळसला, माळवदावरच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर. त्याचे वडील तो कॉलेजात असतानाच गेले. पोरगं मायाळू. आल्यागेल्याला "बसा" म्हणणारं. एकदा अक्का बाजाराला गेलेल्या बघून मी वर गेले आणि विचारलं, "काय करायलंय लेकरू?"

"नक्कल काढायलोय, काकू," तो हसला. "पुण्यात एक मोठा तक्ता हाय, लाखो माणसांचा. त्याची नक्कल दुसऱ्या गावात ठेवायची. इकडं काई बदललं की तिकडं आपोआप बदलतंय. पण समदं धाडायचं नसतं. कोणत्या ओळी जायच्या अन् कोणते रकाने गाळायचे, ते मी ठरवतो."

"म्हंजी चाळणी धरतोस."

"बरोबर. एक चाळणी माणसांची, एक माणसांच्या माहितीची."

मी सातवी शिकलेली, वर गिरणीवाल्याची बायको, त्यामुळे मला चाळणी लगेच समजली. मी विचारलं, "मग कोंडा कुठं जातोय?"

"कोंडा होतच न्हाई, काकू. मूळ जागी समदं तसंच राहतंय. नकलेत दिसत न्हाई, एवढंच."

मला हे फार आवडलं. मी गल्लीत चार ठिकाणी सांगितलंसुद्धा.

नंतर कंपनीनं त्याला थोडे दिवस पुण्याला बोलावून घेतलं. परत आला त्या दिवशी आमचं दही बिघडलं होतं, म्हणून मी अक्कांच्या स्वयंपाकघरात होतेच. अक्का पीठ चाळत होत्या. नागेश पूर्णा स्टेशनाहून बसनं आला, चपला दारात काढल्या, पायावर पाणी घेतलं, खुंटीवरच्या टॉवेलला तोंड पुसलं आणि आरामात पाय पसरून म्हणाला, "दगडाबाई, चहा टाकता का?"

अक्कांच्या हातातली चाळणी थांबली.

"काय म्हणलास रं?"

"चहा म्हणलं. अन् लक्ष्मीबाई, तुमी कवा आलात? बसा की."

मला लक्ष्मीबाई या नावानं फक्त रेशन दुकानदार हाक मारतो, तीही रागावला तर. मला वाटलं, पोरगं पुण्याहून काहीतरी चेष्टा शिकून आलं. पण चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. बाकी सगळं जसंच्या तसं आलेलं होतं: हसताना एक डोळा बारीक करणं, चहात खारी बुडवणं, गेल्या साली माझं लोणचं खारट झालं होतं ते ध्यानात असणं. गल्लीतल्या प्रत्येकाचं नाव, घर, शेताचा बांधसुद्धा त्याला पाठ होता. फक्त कोण कोणाचं कोण लागतं, तेवढं आलं नव्हतं.

संध्याकाळी तो दळण घेऊन गिरणीत गेला आणि चार गिऱ्हाइकांदेखत आमच्या यांना म्हणाला, "रामहरी, जरा जाड दळा." ज्या नावासाठी मी लग्नात उखाणा जुळवत तासभर घाम गाळला होता, ते नाव त्यानं असं पिठाच्या धुरळ्यात सोडून दिलं. हे घरी आले ते पाणीही न मागता आत गेले. मला वाटलं अपमान झाला. पण थोड्या वेळानं आरशासमोर मिशा विंचरत म्हणाले, "लय दिवसांनी कुणीतरी नावानं हाक मारली. बरं वाटलं."

अक्कांना मात्र बरं वाटत नव्हतं. त्यांनी धपाटे केले, शेंगोळे केले, लहानपणी तो ज्यासाठी चुलीपाशी लोळण घ्यायचा ते सगळं केलं. तो पोटभर जेवायचा आणि अदबीनं म्हणायचा, "छान झालंय, दगडाबाई." त्या पदराला हात पुसत आत जायच्या आणि बराच वेळ यायच्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "लक्ष्मे, आता बाजार झाला की तो पुन्ना पुण्याला जाणार. मला दुसरं काई नगं. जायच्या आधी एकडाव माय म्हणू दे."

"अवो अक्का, मूळ जागी समदं राहतंय. तोच म्हणला हुता," मी धीर दिला.

"मग मुळातला कुठं हाय?" अक्का म्हणाल्या. "अन् ह्यो कोण आलाय माझ्या घरी?"

यावर आम्ही दोघी हसलो. हसणं जरा जास्तच लांबलं, आणि मग दोघींनाही एकदम काम आठवलं.

मी तशी गप्प बसणारी बाई नाही. वर जाऊन त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नागेश, तुझ्या नकलेत एखादा रकाना रिकामा राहिला, तर भरता येतोय का रं?"

"येतोय की. तिथं बसून हातानं भरायचा." मग पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "पण जपून, लक्ष्मीबाई. नकलेत हातानं लिहिलं की ते मुळाशी जुळत न्हाई. अन् एकदा तिथं बसलं की ते पुसायला मूळ येत न्हाई."

मला त्यातलं 'येतोय की' तेवढं ऐकू आलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो जेवायला बसला. अक्का त्याच्या पाठीमागे चुलीशी होत्या. खरं तर समोर त्यांनी बसायचं, पण त्यांना हे जमेल असं मला वाटेना. त्या रडतील आणि घोळ होईल. म्हणून मीच पाट ओढला आणि त्याच्या समोर बसले, तान्ह्या लेकराला शिकवतात तशी.

"माझ्याकडं बघ. ध्यान दे. म्हण, माय. मा... य."

त्यानं घास खाली ठेवला. माझ्या ओठांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. कोरी भिंत बघावी तसं बघत राहिला, आणि हळूहळू त्या नजरेत काहीतरी भरत गेलं.

"माय," तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "म्हणला, अक्का! म्हणला की!"

अक्का उलथणं हातात धरून उभ्या होत्या. तव्यावरची भाकर करपत होती.

"तुझ्याकडं बघून म्हणला, लक्ष्मे."

"त्यो पयला डाव हाय म्हणून. आता बघा." मी त्याचे खांदे धरून त्याला चुलीकडे वळवलं. "आता सांग, ही कोण?"

त्यानं अक्कांकडे मोठ्या मायेनं बघितलं, आणि म्हणाला, "काकू."

त्या दिवशी तो पुण्याला गेला नाही. संध्याकाळी पिशवी आणि कॉम्प्युटर घेऊन आमच्या घरी आला आणि आमच्या मिक्सरची पिन काढून तिथं आपली वायर खोचली. "बाबा, दळण जास्ती हुतं का?" त्यानं विचारलं. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "लय हुतं. जेवलास का?" जसं काही रोजचंच.

जेवण झालं की त्याला परत नेऊन घालायचं, असं मी ठरवलं होतं. पण तो तिथंच आडवा झाला, आणि माझा हात आपसूक त्याच्या डाव्या कानाच्या पाळीकडे गेला. ती पाळी चोळल्याशिवाय तो लहानपणी झोपायचा नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण हाताला माहीत होतं.

मला सगळं नीट कळतं बरं का. मला एकच लेक, सृष्टी, ती चुडाव्याला दिलेली. परवा तिचा फोन आला. सासूचं झालं, पोरांचं झालं, आणि मग म्हणाली, "माय, दादा हाय का जवळ? त्याला दे की जरा."

मी फोन त्याच्या हातात दिला. दोघं बराच वेळ बोलत होते. मधेच दोघं कुठल्या तरी जुन्या गमतीवर हसले, लहानपणी गिरणीतल्या पिठानं भूत भूत खेळायचे, ती. आणि मलाही हसू आलं, कारण पिठानं माखलेले ते दोन चेहरे धुताना मला पाणी पुरलं नव्हतं.

आज सकाळी मी दूध तापवत होते. दही आता आमच्याकडे घट्ट लागतं, कवडीसारखं. एवढ्यात दारात सावली पडली. दगडाबाई होत्या. हातात रिकामी वाटी.

"अक्का," त्या मला म्हणाल्या, "जरा विरजण हाय का? आमचं दही बिघडलंय."

मी वाटी घेतली, दोन चमचे दही घातलं. वाटी परत घेताना त्यांचं लक्ष वाटीकडे नव्हतं. माझ्या खांद्यावरून त्या आत बघत होत्या, जिथं तो पाठमोरा बसून काम करत होता.

"काय करायलंय लेकरू?" त्यांनी विचारलं.

"त्याचं चाललंय काईतरी," मी हसून म्हणाले, आणि बोलता बोलता दार थोडं ओढून घेतलं. पुरतं नाही, त्यांना वाईट वाटू नये, एवढंच.